ग्राइंडरचं गार्ड काढावं का? (आणि घरच्या मशिनींची देखभाल)

चिंचवडकर

मंडळी, माळ्यावर लोखंडी अँगलची मांडणी करायची आहे म्हणून लोखंड कापायचा-घासायचा ४ इंची ग्राइंडर घेतला. दुकानदाराने मशीन चालवून दाखवलं आणि लगेच पाना घेऊन गार्ड (फिरत्या डिस्कवरचं झाकण) सोडवायला लागला. "हे काढूनच वापरा साहेब, मध्ये येतं." मी म्हटलं राहू दे. पण नंतर आमच्या गल्लीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे डोकावलो तर तिथे एकाही मशीनला गार्ड नाही. सोसायटीत किचनचं काम चाललंय, तिथले सुतार तर ग्राइंडरलाच दातेरी ब्लेड लावून प्लाय फाडतात. पायात स्लीपर आणि फळी मांडीवर.

तर माझे प्रश्न असे. गार्ड खरंच कोणी वापरतं का? लाकडाचं ब्लेड ग्राइंडरला चालतं का? आणि देखभाल म्हणजे नक्की काय करायचं असतं? सर्व्हिस सेंटरला विचारलं तर म्हणे बंद पडलं की घेऊन या.

उगाच_एक_आयडी

वाचनखूण साठवली आहे. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

पत्रा_आणि_पाईप

माझं शटर-ग्रिलचं काम आहे. खरं सांगायचं तर गार्ड लावलं की ग्रिलच्या आतल्या कोपऱ्यात डिस्क पोचत नाही, वेल्डचा मणी (जोडावरचा उंचवटा) तसाच राहतो आणि गिऱ्हाईक बोट फिरवून बघतं. पोरं गार्ड काढतात, मी बघून न बघितल्यासारखं करतो. हात बसलेला असला की काही होत नाही. नवशिक्याने लावावं.

निवृत्त_निदेशक

पत्राशेठ, हात कितीही बसलेला असो, डिस्क फुटायची ती फुटतेच. ४ इंची मशीन रिकामं फिरताना मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतं. त्या वेगाला १०० मिमी डिस्कची कड सेकंदाला ५७ मीटर पळते, म्हणजे ताशी २०० किमीच्या वर. डिस्क फुटली तर तुकडे त्याच वेगाने निघतात. तो तुकडा आणि तुमचं पोट यांच्यामध्ये उभं राहणं एवढंच गार्डचं काम.

आयटीआयला असताना मी पोरांच्या हातात मशीन देण्याआधी डिस्क द्यायचो आणि तिच्यावरचं सगळं मोठ्याने वाचायला लावायचो. लोक रंग बघून डिस्क घेतात, वाचत कोणी नाही. ८० मीटर/सेकंद ही कडेच्या वेगाची मर्यादा लिहिलेली असते, शेजारी फेरे. १०० मिमीला साधारण १५,३००, १२५ मिमीला १२,२००, १८० मिमीला ८,५००. आता गार्ड गेलं की पुढे काय होतं ते सांगतो. जागा मोकळी झाली म्हणून बुश (भोकात बसवायची कडी) घालून मोठी डिस्क लावायचा मोह होतो. ७ इंची डिस्क ११,००० फेऱ्यांवर घातली तर कड १०० मीटर/सेकंदाच्या पुढे जाते. "झिजून लहान झाली आहे, आता बसते" म्हणून मोठ्या मशीनची जुनी डिस्क छोट्याला लावणारेही आहेत. ती एवढ्या फेऱ्यांसाठी बनवलेलीच नसते.

आणखी एक. मध्ये जी पत्र्याची गोल कडी असते तिच्यावर बऱ्याच डिस्कना महिना आणि वर्ष छापलेलं असतं. ती मुदत आहे. बनवल्यापासून ३ वर्षं धरतात, कारण आतलं रेझिन ओल पिऊन कमजोर होतं. पावसाळाभर गोडाऊनच्या फरशीवर पडलेला गठ्ठा कोणी अर्ध्या किमतीत देत असेल तर घेऊ नका.

हळदकुंकू_आणि_ग्रीस

आपल्याकडे मशीनला वर्षातून एकदा खंडेनवमीला हळदकुंकू, झेंडू आणि पेढा. बाकी ३६४ दिवस साधी फुंकरसुद्धा नाही. आमच्या वर्कशॉपमध्ये गेल्या खेपेला उभ्या ड्रिलच्या चकला (बिट पकडणाऱ्या भागाला) हार घातला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी एकाने हार न काढताच बटण दाबलं. पाकळ्या पार ट्यूबलाईटपर्यंत.

उगाच_एक_आयडी

@हळदकुंकू, पुष्पवृष्टी झाली म्हणा की.

रंधा_नाशिक

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देते, कारण लाकूडकाम माझा छंद आहे. (दुकानात गेलं की "साहेबांना पाठवा ताई, मापं नीट कळतील" ऐकायला मिळतं. साहेबांना घरात खिळा कुठे ठेवलाय तेही माहीत नाही.)

ग्राइंडरला दातेरी ब्लेड लावू नका. अगदीच नाही. घासून कापणाऱ्या डिस्कचा प्रत्येक कण किंचितच खरवडतो. दाता मात्र लाकडात घुसतो आणि जाड छिलका काढतो. फळीची चीर जरा मिटली किंवा आत खिळा लागला की दाता अडकतो आणि अडकलेल्या ब्लेडची सगळी ताकद उलटी मशीनमध्ये येते. मशीन हातातून उसळतं. ग्राइंडरला खाली टेकायला तळपट्टी नाही, किती खोल कापायचं ते ठरवायची सोय नाही आणि बटण सरकवून लॉक केलेलं असतं. म्हणजे हातातून सुटलं तरी ते फिरतच राहतं, मांडीकडे येत येत.

सर्क्युलर सॉचं (लाकडासाठीच्या गोल करवतीच्या मशीनचं) खालचं कव्हर स्प्रिंगने आपोआप मिटतं, बटण सोडलं की बंद पडतं, फेरेही ५,००० च्या आसपास. तो महाग वाटतो म्हणून आपले सुतार मार्बल कटरला लाकडाचं ब्लेड लावतात. त्याला निदान तळपट्टी असते, पण मिटणारं कव्हर नसतंच आणि फेरे १२,००० च्या घरात.

पत्रा_आणि_पाईप

ताईंचं पटलं. लाकडाचं ब्लेड मीपण दुकानात येऊ देत नाही. एका सुताराची मांडी बघितली आहे. पण गार्डचं अजून पटलेलं नाही.

कापडाचा_वारा

इचलकरंजीकडचा किस्सा. शेजारच्या शेडमध्ये पाईप कापता कापता लाईट गेली. कारागिराने बटण लॉकमध्ये आहे तसंच ठेवून मशीन टेबलावर टाकलं आणि सगळे चहाला. लाईट आली तेव्हा शेडमध्ये कोणी नव्हतं म्हणून निभावलं. मशीन टेबलावर आपलं आपण सुरू झालं, नाचत नाचत कडेला आलं, खाली पडलं आणि स्वतःचीच वायर कापून गप्प झालं. फरशीवर अर्धवर्तुळाकार चरा अजून आहे.

निवृत्त_निदेशक

हा मुद्दा आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाचा. लाईट गेली की आधी बटण मागे, मग प्लग बाहेर, मग चहा. काही मशिनींना वीज परत आल्यावर आपोआप सुरू न होण्याची सोय असते. दाबून धरायचं लांब पट्टीचं बटणही मिळतं, हात सुटला की बंद. लॉकवाल्यापेक्षा थोडे पैसे जास्त पडतील, पण भारनियमन असलेल्या गावात माझं मत त्यालाच.

चिंचवडकर

धन्यवाद सगळ्यांना. आणखी एक शंका. माझ्या ग्राइंडरला दोनच पिनचा प्लग आहे, अर्थिंगची पिनच नाही. फसवलं का मला?

विजेचा_खांब

नाही. नेमप्लेटवर चौकोनात चौकोन काढलेली खूण शोधा. असली तर दुहेरी इन्सुलेशन आहे आणि अर्थिंग लागत नाही. उगाच तिसरी वायर आणून बॉडीला जोडायचा शहाणपणा करू नका. पण हे मशीन कोरडं आणि धड असेपर्यंत. वायर चिरली, आत लोखंडाचा कीस साचला किंवा मार्बल कटरचं पाणी शिरलं की वाचवणार ते ३० मिलीअँपियरचं आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). घरच्या डीबीत (मेन स्विचच्या डब्यात) नसेल तर ग्राइंडरच्या आधी ते बसवा. साधं एमसीबी (जास्त भार आला की पडणारा स्विच) माणसाला वाचवत नाही, ते वायरला वाचवतं.

एक्स्टेंशनबद्दल. टीव्हीची बारीक वायर जोडून गच्चीवर मशीन चालवणारे बघतो. ०.७५ चौरस मिमीची ३० मीटर वायर घेतली आणि मशीनने ८ अँपियर ओढले तर १२ व्होल्टच्या आसपास वाटेतच जातात. वायर गरम होते आणि मशीनची ताकदही कमी होते. मग माणूस आणखी दाबतो. १.५ घ्या, लांब जायचं असेल तर २.५. आणि रीळ पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या रिळाची उष्णता बाहेर पडत नाही, आतले पदर वितळून चिकटतात.

थेम्सकाठचा

इथे इंग्लंडमध्ये बांधकामाच्या जागी पिवळे ट्रान्सफॉर्मर ठेवतात. सगळी हत्यारं ११० व्होल्टवर, आणि ट्रान्सफॉर्मरचं गुंडाळणं मधोमध अर्थ केलेलं. त्यामुळे एखादी वायर उघडी पडून हात लागला तरी जमिनीच्या तुलनेत ५५ व्होल्टच मिळतात. जड असतो तो डबा, शिव्या देत उचलतात, पण उचलतात.

उगाच_एक_आयडी

आमच्याकडे पण ११० मिळतं. संध्याकाळी सातनंतर, आपोआप.

रेतीचा_कण

हातमोजे घालायचे की नाही यावर पण बोला. मी म्हणतो घालायलाच हवेत.

हळदकुंकू_आणि_ग्रीस

फिरत्या मशीनजवळ हातमोजे कधीच नाही! सुती मोज्याचा एक धागा उभ्या ड्रिलच्या बिटात गेला की बोटापासून मनगटापर्यंत गुंडाळतं, सोडवायला वेळच मिळत नाही.

रेतीचा_कण

मी ड्रिलचं नाही, ग्राइंडरचं बोलतोय. ग्राइंडरच्या मॅन्युअलमध्ये मोजे घाला असंच लिहिलेलं असतं. ठिणग्या काय तुमचे काका झेलणार?

निवृत्त_निदेशक

भांडू नका, दोघंही आपापल्या मशीनपुरते बरोबर आहात. उभा ड्रिल, लेथ: मोजे नाहीत. हातात धरायचा ग्राइंडर: घट्ट बसणारे चामड्याचे चालतील, लोंबणारे सुती नकोत, आणि दोन्ही हात मशीनवर. बाजूची मूठ लावलेलीच हवी. गार्डच्या खालोखाल लोक तीच काढून टाकतात.

मला मोज्यांपेक्षा मनगटातल्या दोऱ्यांची जास्त काळजी वाटते. गंडे, रक्षासूत्र, कडं, पाच-पाच दोरे एकावर एक. देवाचा आहे म्हणून काढत नाहीत. मी मुलांना म्हणायचो, तासापुरता खिशात ठेव, देव खिशात पण असतो. ओढणी, मोकळे केस, गळ्यातलं लांब मंगळसूत्र यांचंही तेच.

रंधा_नाशिक

मी मंगळसूत्र काढून ठेवते आणि अंबाडा बांधून वर टोपी. सासूबाईंनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा घरात दोन दिवस अबोला. मग उभ्या ड्रिलच्या बिटात सुतळीचा तुकडा सोडून दाखवला. आता त्याच आठवण करतात.

सर्जन_साहेब_नव्हे

सर्जरी करतो, म्हणून दोन गोष्टी.

बोट तुटलं तर तुटलेला भाग थेट बर्फात टाकून आणू नका. बर्फाने पेशी गोठून मरतात आणि जोडायला काही उरत नाही. स्वच्छ कापड पाण्यात भिजवून पिळा, त्यात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, हात वर ठेवा. हळद, कॉफी, चुना काहीही भरू नका.

डोळ्यात कीस गेला तर चोळू नका. गावोगावी जिभेने किंवा काडीच्या टोकाने कण काढून देणारे असतात, त्यांच्याकडे जाऊ नका. लोखंडाचा कण बुबुळावर रुतला की काही तासांतच भोवती गंज धरायला लागतो, तो नेत्रतज्ज्ञांनाच खरवडावा लागतो. मेडिकलमधून बधिरतेचे थेंब आणून घालू नका, दुखणं थांबतं आणि जखम वाढत राहते. नंबरचा चष्मा म्हणजे गॉगल नव्हे, कण बाजूने येतात.

रेतीचा_कण

आणि धूळ! ग्रॅनाइट कोरडा कापतात, तोंडाला रुमाल. त्या धुळीतली सिलिका फुप्फुसात बसली की निघत नाही, सिलिकोसिस होतो. रुमालाने ती बारीक धूळ अडतच नाही. पाणी सोडून कापा आणि निदान एन-९५ घाला.

मेलबर्नहून

त्यात भर. हौसेने घालतात त्या कृत्रिम क्वार्ट्झच्या ओट्यांत सिलिका ९० टक्क्यांच्या वर असू शकते. तरुण कारागिरांना सिलिकोसिस व्हायला लागल्यावर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा दगडावर बंदीच घातली.

काजूच्या_बागेत

आमच्या कोकणात ग्राइंडरपेक्षा ग्रास कटरचं बोला. पावसाळा सरला की काजूखालचं रान कापायला घरटी एक मशीन. त्याच्याही खालचं प्लास्टिकचं गार्ड पहिल्याच दिवशी काढतात, गवत अडकतं म्हणून. मग पातं दगडावर लागलं की तो दगड कुठे जाईल नेम नाही. मॅन्युअलमध्ये १५ मीटरच्या आत कोणी नको लिहिलंय, आणि आमच्याकडे मागोमाग गवत गोळा करणारी माणसं असतात. दगडांच्या जागी पातं काढून नायलॉनची दोरी लावा, निदान जांभ्याचे कपचे कमी उडतील. पात्याजवळच्या गिअरबॉक्सला ग्रीस घालायचा स्क्रू असतो, तो विकत घेतल्यापासून कोणी उघडलेलाच नसतो.

निवृत्त_निदेशक

शेतातल्या यंत्रांचा विषय निघालाच आहे तर. मळणी यंत्रात हात जाण्याचे प्रकार इतके व्हायचे की १९८३ मध्ये केंद्राने त्यासाठी धोकादायक यंत्रांचा वेगळा कायदा केला. पेंढी आत सारायची जागाच अशी हवी की हात ड्रमपर्यंत पोचू नये, हे त्यामागचं साधं तत्त्व. कडबाकुट्टीला आजही कित्येक ठिकाणी ते नाही.

उगाच_एक_आयडी

अवांतर होतंय, पण मला ऑनलाइन "१२८ व्हीएफ" लिहिलेलं बॅटरीचं ड्रिल फार स्वस्तात दिसतंय. घेऊ का? १२८ म्हणजे जोरदारच असणार.

विजेचा_खांब

आत बहुधा पाचच सेल निघतील. लिथियमचा एक सेल ३.६ व्होल्टचा, पाच मिळून १८. भरगच्च चार्ज केल्यावर जेमतेम २१. तो १२८ आकडा आणि व्होल्टचा काही संबंध नाही. आणि तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, उन्हात उभ्या गाडीत तर ठेवूच नका.

आर्मेचर_अण्णा

उशिरा आलो. रिवाइंडिंगचं (जळलेल्या मोटरी परत गुंडाळायचं) दुकान आहे, त्यामुळे देखभालीचं मी लिहितो. चिंचवडकर, बंद पडलं की आणा हे ज्यांनी सांगितलं त्यांच्यावरच माझं घर चालतं.

जळून येणाऱ्या मशिनींत कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे ठोकळे) संपलेल्या पुष्कळ. मोटरच्या दोन्ही बाजूंना नाण्याएवढी प्लास्टिकची टोपणं असतात. प्लग काढून स्क्रू-ड्रायव्हरने उघडली की स्प्रिंगसकट कार्बन बाहेर येतो. मर्यादेची रेघ असली तर तिथपर्यंत, नसली तर ५-६ मिमी उरला की बदला. दोन्ही एकदम, एकच नाही. जुनाच परत घालायचा असेल तर ज्या बाजूचा त्याच बाजूला आणि तसाच, कारण त्याच्या तोंडाला कम्युटेटरची (कार्बन ज्यावर घासतो त्या फिरत्या भागाची) गोलाई आलेली असते. नवीन घातले की काही मिनिटं रिकामं चालवा, मग काम.

मागच्या जाळीतून बघा. बारीक निळसर ठिणग्या चालतात. ठिणगी कम्युटेटरभर गोल फिरायला लागली किंवा जळका वास आला तर लगेच बंद करा. तेवढ्यावर थांबलात तर बहुतेक वेळा थोडक्यात भागतं. "आणखी एक पाईप कापू" म्हणालात की आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) आणि फिल्ड (भोवतालची स्थिर गुंडाळी) दोन्ही जळतात, मग नवीन मशीनच परवडतं.

काम झालं की अर्धा-एक मिनिट रिकामं फिरू द्या, आतली गरमी निघते. मग ब्लोअरने जाळ्या साफ करा, तेव्हा डोळ्याला गॉगल. स्पिंडल लॉकचं बटण फिरतं मशीन थांबवायला दाबू नका, त्याची पिन तुटून माझ्याकडे येते. डिस्क बदलल्यावर अंगापासून बाजूला धरून अर्धा मिनिट नुसतं फिरवा. थरथर जाणवली तर खालचा फ्लँज (डिस्कखालची चकती) नीट बसलाय का बघा, नाहीतर ती डिस्क फेका.

पत्रा_आणि_पाईप

अण्णा, कोपऱ्यातल्या वेल्डचं काय ते सांगा. मी अजून तिथेच आहे.

आर्मेचर_अण्णा

गार्ड ढिलं करून फिरवता येतं हे पोरांना माहीत असतं का? निम्मे कोपरे तेवढ्यानेच निघतात. उरलेल्यांना डाय ग्राइंडर घ्या, बारीक दगड आत जातो. आणि कापायच्या पातळ डिस्कने मणी घासत असाल तर आधी ते बंद करा. ती कडेने कापायला बनवलीय. आडवा दाब पडला की तडा जातो आणि तेव्हाच गार्ड नसतं.

पत्रा_आणि_पाईप

डाय ग्राइंडर बघतो. पातळ डिस्कने घासतात पोरं, खोटं कशाला बोलू. उद्या दोन गार्ड परत बसवतो, बाकीची भंगारात गेली.

चिंचवडकर

मांडणीसाठी सरळ अँगलच कापायचे आहेत, तेव्हा गार्ड काढायची मला गरजच नाही हे आता कळलं. डिस्कवरची तारीख बघितली, मुदतीत आहे. प्लायसाठी दुकानातच मापात कापून घेणार. अण्णा, एकच प्रश्न. कार्बन मागायचे कसे? मशीनचं नाव सांगितलं तर दुकानदार तीन वेगवेगळे दाखवतो.

आर्मेचर_अण्णा

नावावर जाऊ नका. जुना कार्बन खिशात घालून जा आणि काउंटरवर शेजारी ठेवून बघा. रुंदी, जाडी, स्प्रिंग, मागची पट्टी, सगळं. नवीन किंचित जाड निघाला तर पॉलिशपेपरवर सपाट घासून बसवता येतो, खाचेत सहज सरकला पाहिजे. बारीक असेल तर मात्र घेऊ नका, तो खाचेत हलतो आणि कम्युटेटर खातो. आणि एक जोडी जास्तीची आणून ठेवा, रविवारी दुकान बंद असतं.